पिंप, विहीर आणि टाकी

१८८३ सालची गोष्ट. रोनाल्ड रॉस नावाचा २६ वर्षांचा लष्करी डॉक्टर बंगळूरला नेमणुकीवर होता. राहायला बंगला मिळाला होता, पण डासांनी त्याला अगदी हैराण करून सोडले होते. हे डास येतात कोठून, याचा त्याने शोध घेतला, तेव्हा खिडकीबाहेरच ठेवलेल्या पाण्याच्या पिंपात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या. त्याने पिंप उपडे केले. डास कमी झाले. उत्साहाने त्याने छावणीतल्या एका अधिकाऱ्याला सुचवले, की अशी सगळीच पिंपे आणि भांडी उपडी केली तर? अधिकाऱ्याने ते उडवून लावले. सृष्टीत डास आहेत ते काही हेतूनेच असणार, त्यात आपण ढवळाढवळ कशाला करायची, असा त्याचा सूर होता. रॉसने पुढे आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

या वेळी डास आणि हिवताप यांचा काही संबंध आहे हे रॉसला माहीत नव्हते. तो संबंध त्याने स्वतःच १४ वर्षांनी सिद्ध केला आणि त्याबद्दल १९०२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे उपाय आधी सापडला, कारण मागाहून कळले. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत आपण तेले, पावडरी, फवारे, उदबत्त्या, विजेवरच्या कुप्या असे कितीतरी उपाय केले. तरीही पावसाळ्यात आरोग्यसेवक दारात येतो तेव्हा तो पहिले काम करतो ते रॉसचेच. तो पिंपात डोकावून पाहतो. असे का, हे समजून घ्यायचे तर आपल्याला डासांविरुद्धच्या लढ्याचा इतिहास थोडा घराच्या बाजूने वाचायला हवा.

दूषित हवा ते पाणी

'मलेरिया' या शब्दाचा मूळ इटालियन अर्थ 'वाईट हवा'. दलदलीतून उठणारी दूषित वाफ अंगाला बाधते आणि थंडी वाजून ताप येतो, अशी समजूत युरोपात शतकानुशतके होती. समजूत चुकीची असली तरी निरीक्षण अगदीच खोटे नव्हते. साचलेले पाणी जवळ असलेल्या वस्तीत ताप जास्त, हे लोकांनी बरोबर टिपले होते. फक्त पाणी आणि माणूस यांच्यामधला दुवा हवा नव्हती.

१८८० साली अल्जीरियात काम करणाऱ्या आल्फाँस लाव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरला रुग्णाच्या रक्तात हिवतापाचे परोपजीवी दिसले. पण ते एका माणसातून दुसऱ्या माणसात जातात कसे? इंग्लंडमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांना डासांचा संशय होता. त्यांनीच रॉसला या कामाला प्रवृत्त केले. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला रॉसने हुसेन खान नावाच्या एका रुग्णाला डास चावू दिले. प्रत्येक डासामागे एक आणा अशी त्याची बिदागी ठरली होती. त्या डासांचे विच्छेदन करताना २० ऑगस्टला रॉसला डासाच्या जठराच्या भिंतीत काळ्या रंगद्रव्याचे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. ते हिवतापाचेच परोपजीवी होते. हा डास नेहमीच्या करड्या डासांपैकी नव्हता. त्याच्या पंखांवर ठिपके होते. आज आपण त्या गटाला अॅनॉफिलिस म्हणतो.

पुढच्या वर्षी कोलकात्यात, मोहम्मद बक्ष या मदतनिसाच्या साहाय्याने रॉसने पक्ष्यांच्या हिवतापावर काम केले आणि परोपजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोहोचतात व चाव्याबरोबर पुढच्या पक्ष्यात जातात हे दाखवले. माणसाच्या हिवतापाचे असेच चक्र त्याच वर्षी इटलीत जोव्हान्नी ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण केले.

या शोधाने एक मोठी गोष्ट घडली. हवा ही कोणाच्या हातातली गोष्ट नव्हती, पण डासाची अळी पाण्यात राहते आणि पाणी माणसाच्या हातात असते. अंड्यातून अळी, अळीतून कोष आणि कोषातून डास व्हायला उबदार हवेत साधारण ८ ते १० दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत एकदा जरी ते पाणी ओतून टाकले तरी ती पिढी संपते. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा, या आपल्या परिचयाच्या घोषणेमागे एवढेच साधे गणित आहे.

हवाना आणि मियाँ मीर

हे गणित पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरले गेले ते क्यूबाच्या हवाना शहरात. तेथे पीतज्वराचे थैमान असे. हा रोग डास पसरवतात, असे कार्लोस फिनले या क्यूबन डॉक्टरने १८८१ सालीच मांडले होते. कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९०० साली वॉल्टर रीड यांच्या मंडळाने प्रयोगांनी ते सिद्ध केल्यावर १९०१ मध्ये विल्यम गॉर्गस यांनी शहरभर तपासनीस नेमले. ते घरोघर जात. पाण्याचे प्रत्येक पिंप झाकायचे, झाकता येत नसेल ते ओतायचे, तेही शक्य नसेल तर पाण्यावर तेलाचा पातळ थर द्यायचा. अळी पृष्ठभागावर येऊन हवा घेते. तेलाने तिचा श्वास कोंडतो. त्याच वर्षी हवानातून पीतज्वर हटला. १९०२ पासून इजिप्तमधील इस्माइलिया या सुएझ कालव्यावरच्या गावात रॉसच्या सल्ल्याने असेच काम झाले आणि तेथील हिवताप झपाट्याने उतरला.

मात्र भारतातला पहिला मोठा प्रयोग फसला. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत १९०२ पासून काही वर्षे डबकी बुजवणे, चर साफ करणे, तेल टाकणे हे सगळे झाले. हिवताप काही हटला नाही. चहूबाजूंनी कालव्याच्या पाण्यावर शेती होत होती. छावणीतली डबकी बुजवली तरी बाहेरून डास येतच राहिले. अळ्या मारून हिवताप थांबत नाही असे काही तज्ज्ञ म्हणू लागले. काम अर्धवट आणि तुटपुंज्या पैशात केले, असे रॉसचे उत्तर होते. १९०९ साली सिमल्याच्या हिवताप परिषदेत यावर बरीच चर्चा झाली.

आज मागे वळून पाहताना दोन्ही बाजूंना थोडे थोडे तथ्य दिसते. हवानाचा डास घरातल्या भांड्यांत वाढणारा आणि फार दूर न उडणारा होता. मियाँ मीरचे पाणी शेतांतले, कालव्यातले होते. म्हणजे पहिला प्रश्न 'डास कसा मारायचा' हा नसून 'हा कोणता डास आणि तो कोणत्या पाण्यात वाढतो' हा आहे. याचा उत्तम धडा पुढे आपल्याच मुंबईने दिला.

मुंबईच्या विहिरी

विहार तलावाचे पाणी मुंबईत १८६० साली आले. त्यापूर्वी शहराची तहान विहिरी आणि तळी भागवत. १८७९ साली तुळशी आणि १८९२ साली तानसा तलावांची भर पडली. नळ आले तरी विहिरी राहिल्या. वाड्यांच्या अंगणात, देवळांच्या आवारात, अग्यारीत, गिरण्यांच्या आणि घरांच्या परसात त्या होत्या.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या काही भागांत हिवताप फार वाढला. कारण शोधण्याचे काम चार्ल्स बेंटली या डॉक्टरकडे आले. त्या काळी एखाद्या वस्तीत हिवताप किती मुरला आहे हे पाहण्यासाठी मुलांच्या पोटाला हात लावून पाणथरी वाढली आहे का, ते तपासत. त्याबरोबर डासांचा आणि त्यांच्या अळ्यांचा शोध घेत. बेंटली यांचा अहवाल १९११ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी गुन्हेगार म्हणून बोट दाखवले ते अॅनॉफिलिस स्टीफेन्सी या डासाकडे. या जातीचे वर्णन डब्ल्यू. ग्लेन लिस्टन यांनी १९०१ साली केले होते.

स्टीफेन्सी हा मोठा चोखंदळ डास. गटाराचे घाण पाणी त्याला सहसा आवडत नाही. त्याला स्वच्छ, सावलीतले, स्थिर पाणी हवे. म्हणजे मुंबईतली घरगुती विहीर त्याच्यासाठी जणू मुद्दाम खणून ठेवलेली. रस्त्यावरची घाण काढली की रोगराई जाते असे मानणाऱ्यांना हा धक्काच होता. हिवताप येत होता तो माणसे ज्याला पवित्र मानत, प्यायला वापरत, पूजत, त्याच स्वच्छ पाण्यातून.

बेंटलींचा उपाय सरळ होता. विहिरी बुजवा किंवा डास शिरणार नाही अशा झाका. पण विहीर बुजवणे म्हणजे खड्डा बुजवणे नव्हे. हिंदू घरांत विहिरीची पूजा होई, तिच्या पाण्याशिवाय काही धर्मकृत्ये होत नसत. पारशी समाजात पाणी पवित्र, आणि विहिरीच्या पाण्यावर सूर्याचा प्रकाश पडला पाहिजे अशी श्रद्धा. कित्येक विहिरींत रक्षण करणारे दैवत किंवा आत्मा राहतो असे मानत. त्याला कोंडून टाकले तर घरावर अरिष्ट येईल, ही भीती खरी होती. महापालिकेकडे अर्ज आणि विनंत्या येऊ लागल्या. त्या वेळी पालिकेचे चिटणीस असलेले रुस्तम मसानी यांनी या श्रद्धांचा अभ्यासच केला आणि १९१८ साली विहिरींच्या लोककथांवर एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. मलेरियाच्या सरकारी मोहिमेतून लोकसाहित्याचे पुस्तक जन्माला आल्याचे उदाहरण विरळाच.

आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग म्हणजे त्यातून निघालेली वाट. अनेक विहिरी बुजवल्या, अनेक झाकल्या. काही ठिकाणी झाकणात बारीक तारेच्या जाळीचे दार ठेवण्यात आले. प्रकाश आत जाईल, पोहरा सोडता येईल, पण डास शिरणार नाही. श्रद्धेला काय हवे होते? प्रकाश आणि पाणी. विज्ञानाला काय हवे होते? डासाला मज्जाव. दोन्ही मागण्या नीट ऐकल्या तर त्या एकमेकींच्या आड येत नव्हत्या. विज्ञानशिक्षकाने वर्गात सांगावी अशी ही गोष्ट आहे. समोरच्याला अडाणी ठरवून झाकण बसत नाही. बसले तरी आठवड्याने कोणीतरी ते काढून ठेवतो.

१९२८ साली गॉर्डन कोव्हेल यांनी मुंबईच्या हिवतापाची पुन्हा पाहणी केली. त्या सुमारास विहिरींच्या जोडीला एक नवी जागा पुढे आली होती. ती म्हणजे पाणी साठवण्याच्या टाक्या. तिच्याकडे आपण पुन्हा येऊच.

पांढऱ्या पावडरीची वर्षे

स्वित्झर्लंडमध्ये पाउल म्युलर यांनी १९३९ साली डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधून काढला. भिंतीवर एकदा फवारले की महिनोन्‌महिने परिणाम टिकतो, हा त्याचा विशेष. अॅनॉफिलिसच्या पुष्कळ जातींची मादी रक्त पिऊन झाल्यावर जवळच्या भिंतीवर विसावते. तेथेच तिला गाठायचे. महायुद्ध संपता संपता मुंबई इलाख्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी कानडा आणि धारवाड जिल्ह्यांतील खेड्यांत डीडीटी फवारणीचे प्रयोग केले आणि ते यशस्वी झाले. म्युलर यांना १९४८ साली नोबेल मिळाले.

स्वातंत्र्याच्या वेळी भारतात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि ८ लाख मरतात, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. यश इतके डोळ्यांत भरणारे होते की १९५८ साली 'नियंत्रण' हा शब्द जाऊन 'निर्मूलन' आला. १९६५ साली देशभरात नोंदलेले रुग्ण सुमारे १ लाखावर आले. एका पिढीने हा चमत्कार पाहिला आहे. आपल्या आजी-आजोबांना विचारा. घराच्या भिंतीवर फवारणीची तारीख लिहून जाणारे कर्मचारी त्यांना आठवत असतील.

मग १९७६ साल उजाडले. त्या वर्षी नोंदलेले रुग्ण होते ६४ लाखांहून अधिक.

काय झाले? कारणे अनेक होती. डासांमध्ये डीडीटीला दाद न देणारे वाण वाढले. याची चिन्हे १९५० च्या दशकातच दिसू लागली होती. शेतात त्याच कीटकनाशकांचा सढळ वापर झाल्याने ही निवड आणखी वेगाने झाली. फवारणीचा पुरवठा वेळेवर होईना. रुग्ण कमी झाल्यावर तपासणी ढिली पडली. डीडीटी निसर्गात साचून राहते आणि अन्नसाखळीतून वर चढत जाते, हेही १९६२ साली रेचेल कार्सन यांच्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकानंतर जगाला मान्य करावे लागले. पुढे १९८९ साली भारतात शेतीसाठी त्याचा वापर बंद झाला.

पण आपल्या विषयाशी अगदी जवळचे कारण वेगळेच आहे. फवारणीचा मोठा भर खेड्यांवर होता. शहरांतला डास भिंतीवर नव्हे तर पाण्यातच गाठायचा, आणि ते काम स्थानिक संस्थांनी करायचे, असे ठरले होते. पांढऱ्या पावडरीच्या दिवसांत या कंटाळवाण्या कामाकडे पुरेसे लक्ष राहिले नाही. शहरे हिवतापाची कोठारे बनली आणि तेथून तो पुन्हा पसरू लागला. म्हणून १९७१ साली नागरी हिवताप योजना मंजूर करावी लागली. तिचे मुख्य काम काय? दर आठवड्याला पाण्याच्या जागा तपासणे. म्हणजे पुन्हा पिंपात डोकावणे!

फवारणीने लाखो जीव वाचवले, यात शंका नाही. तिला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पण फवारणी घरातल्या माणसाकडून काही मागत नव्हती. कर्मचारी येई, फवारून जाई. रोग गेला तसे पाण्यावर लक्ष ठेवायची सवयही गेली, आणि रोग परत आला तेव्हा सवय परत यायला वेळ लागला.

विहिरीतून गच्चीवर

मुंबईचा स्टीफेन्सी विहिरी बुजल्यावर उपाशी मेला नाही. तो वर चढला. इमारती उंच झाल्या, पाणी दिवसातून ठरावीक तासच येऊ लागले, म्हणून प्रत्येक गच्चीवर टाकी आली. अंधारी, स्वच्छ, शांत पाण्याची टाकी. डासाच्या दृष्टीने ती विहीरच, फक्त जमिनीऐवजी आकाशाजवळची. यासाठीच मुंबईत टाकीला डास शिरणार नाही असे घट्ट झाकण आणि तपासनिसाला चढण्यासाठी शिडी असावी लागते. घरमालकाच्या जागेत अळ्या सापडल्या तर १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याच्या ३८१ व्या कलमाखाली नोटीस निघते. १९९० च्या दशकात शहरात बांधकामांची लाट आली. ओल्या स्लॅबवर साठवलेले पाणी, कामगारांची पिंपे, तळघरातले खड्डे, या साऱ्यांत डासांना मोकळे रान मिळाले आणि हिवताप पुन्हा वाढला.

याच काळात गोव्यातही पणजीच्या परिसरात बांधकामांबरोबर हिवताप आला. तेथे संशोधकांनी टाक्या-विहिरींत अळ्या खाणारे छोटे स्थानिक मासे सोडणे आणि अळ्यांना मारणारे जिवाणू वापरणे, असे उपाय करून पाहिले. मासे सोडण्याची कल्पना जुनीच. गप्पी मासे आपल्याकडे विसाव्या शतकाच्या आरंभी आले, गम्बुसिया १९२८ साली. आज एक सावधगिरी मात्र घ्यायला हवी. हे परदेशी मासे बंदिस्त हौदात आणि टाक्यांतच ठेवावेत. ओढे, तलाव, नद्या यांत सोडल्यास ते स्थानिक माशांची व बेडकांची पिल्ले फस्त करतात. जे पाहुणे म्हणून आले ते मालक होऊन बसतात.

दिवसा चावणारा

हिवतापाच्या डासाइतकाच, किंबहुना आज घराच्या अधिक जवळचा, दुसरा डास आहे. त्याचे नाव एडिस इजिप्ती. पायांवर पांढरे पट्टे, दिवसा चावण्याची सवय. हा मूळचा आफ्रिकेचा. झाडांच्या ढोलीतल्या पाण्यात वाढणारा हा डास माणसाच्या संगतीत भांड्यांत राहू लागला आणि जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून जगभर गेला. हवानात पीतज्वर पसरवणारा तो हाच. आपल्याकडे तो डेंगी आणि चिकुनगुन्या पसरवतो. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. त्यानंतर हा आजार आपल्याकडून जवळजवळ नाहीसा झाल्यासारखा वाटला आणि २००५-०६ मध्ये अचानक परतला. १९९६ साली दिल्लीत डेंगीचे १० हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, ४०० हून अधिक दगावले.

एडिसची एक खुबी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मादी अंडी पाण्यावर घालत नाही, तर भांड्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. भांडे पुन्हा भरले की अळ्या बाहेर पडतात. म्हणून नुसते पाणी ओतणे पुरत नाही. भांडे आतून काथ्याने घासले पाहिजे. 'घासून, पुसून, कोरडे करा' यातला 'घासून' हा शब्द उगाच नाही.

तिसरा ओळखीचा डास क्युलेक्स. तो घाण पाण्यात, तुंबलेल्या गटारांत आणि संडासाच्या टाक्यांत वाढतो, रात्री चावतो आणि हत्तीरोग पसरवतो. त्याच्यासाठी टाकीच्या हवानळीला जाळी किंवा कापड बांधणे आणि सांडपाण्याला वाट देणे हा उपाय. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन उघडी गटारे बंद केली आणि डास कमी करून दाखवले. तिघे डास, तीन प्रकारची पाणी, तीन उपाय. मियाँ मीरने शिकवलेला धडा तो हाच.

आणि उदबत्ती? सर्पिल आकाराची डासांची उदबत्ती जपानमध्ये तयार झाली. तेथे शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रम फुलांची पूड वापरत. ती चाव्यापासून काही तास वाचवते, मच्छरदाणी तर फारच चांगली वाचवते. दोन्ही वापरावीत. पण उदबत्तीचा धूर बंद खोलीत कोंडणे फुफ्फुसांना बरे नाही, आणि बाहेरच्या पिंपातली अळी त्या धुराने मरत नाही.

दोष कोणाचा?

येथे एक प्रश्न टाळून चालणार नाही. पिंपात अळ्या सापडल्या की घरच्या बाईला बोल लावला जातो. पण तिने पिंप का भरून ठेवले? नळाला दोन-तीन दिवसांनी, कोठे आठवड्याने पाणी येते म्हणून. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत आणि शहरांच्या वस्त्यांत रांजण, टाके, ड्रम हे चैनीसाठी भरलेले नसतात. अशा घराला 'पाणी ओतून द्या' असे सांगणे सोपे, ऐकणे अवघड. मुंबईच्या विहिरी बुजवता आल्या त्यामागे नळाचे पाणी येऊन पोहोचले होते, हे विसरता कामा नये. जेथे नळ रोज वाहतो तेथे डासांची निम्मी जागा आपोआप जाते.

तोपर्यंत उपाय विहिरीच्या जाळीसारखाच शोधावा लागेल. पाणी ओतायचे नसेल तर पिंपाच्या तोंडाला जुन्या सुती धोतराचे किंवा साडीचे कापड दोरीने घट्ट बांधता येते. पाणी संपत आले की, नवे भरण्याआधी, पिंप आतून घासता येते. मोठ्या टाक्यात आरोग्य खात्याचे अळीनाशक ठरलेल्या प्रमाणात टाकून घेता येते. हे घरच्यांना शक्य आहे. रोजचे पाणी देणे हे घरच्यांच्या हातात नाही, ते शासनाचे काम आहे. दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मागितला पाहिजे.

वर्गात काय करता येईल?

आठवीच्या पुढचे विद्यार्थी हा इतिहास स्वतः पडताळून पाहू शकतात. एका ठरावीक वारी शाळेच्या आवारात आणि आपापल्या घरी फेरी मारावी. पिंपे, कुंड्यांखालच्या बशा, शीतकपाटामागचा पाण्याचा ट्रे, कूलर, गच्चीवरच्या करवंट्या, टायर, पक्ष्यांसाठी ठेवलेली भांडी, तुंबलेल्या पन्हळी यांची यादी करावी. प्रत्येकापुढे पाणी होते का, अळ्या होत्या का, झाकण होते का, ते लिहावे. अळ्या एका पांढऱ्या वाटीत घेऊन पाहाव्यात. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहणारी अळी अॅनॉफिलिसची. डोके खाली करून तिरकी लोंबकळणारी एडिस किंवा क्युलेक्सची. काही अळ्या बरणीत ठेवून तिचे तोंड मलमलीने घट्ट बांधावे व अळीचा कोष कधी होतो ते रोज लिहावे. कोष दिसले की बरणीतले पाणी कोरड्या मातीत ओतून द्यावे, डास उडू देऊ नयेत.

चार आठवडे ही फेरी केली की मुलांना एक तक्ता मिळेल. त्यात बहुधा असे दिसेल, की पहिल्या आठवड्यात अळ्यांच्या जागा बऱ्याच होत्या, दुसऱ्यात उत्साहामुळे कमी झाल्या आणि तिसऱ्यात, कंटाळ्यामुळे, पुन्हा थोड्या वाढल्या. तसे झाले तर निराश होऊ नये. १९५३ ते १९७६ या काळातला देशाचा आलेखच मुलांनी महिनाभरात काढला असे समजावे, आणि चौथ्या आठवड्याची फेरी नक्की करावी.

शेवटी एक ताजी बातमी. मुंबईच्या विहिरीत बेंटलींना सापडलेला स्टीफेन्सी २०१२ साली आफ्रिकेत, जिबूतीमध्ये आढळला. २०१६ मध्ये तो इथिओपियात दिसला आणि आता त्या खंडातल्या आणखी देशांतही पोहोचला आहे. आफ्रिकेचा नेहमीचा हिवतापाचा डास पावसाच्या डबक्यांत, मुख्यतः खेड्यांत वाढतो. हा नवा पाहुणा शहरातल्या टाक्यांत आणि बांधकामांवर वाढतो. त्यामुळे तेथील आरोग्य कार्यकर्त्यांना आता टाक्यांची झाकणे, पिंपांची तपासणी, बांधकामावरचे साठवलेले पाणी यांचा विचार करावा लागतो आहे. जी गोष्ट मुंबई शंभर वर्षांपूर्वी शिकली, मध्येच विसरली आणि पुन्हा शिकली, ती त्यांना विसरण्याची चैन न करता शिकावी लागणार आहे.

आपल्यालाही ती विसरणे परवडणारे नाही. आज देशातला हिवताप पुष्कळ उतरला आहे. पण १९६५ सालीही तो उतरलाच होता. तेव्हा या रविवारी गच्चीवर जाऊन टाकीचे झाकण नीट बसते का, ते पाहून यावे.